बेचाळिसावा दगड

त्या वर्षी मोह गळलाच नाही. फाल्गुनात आभाळ आलं, आठ दिवस रानावर बसून राहिलं, आणि फुलं झाडावरच काळी पडली. सोमारी रोज सकाळी टोपली घेऊन झाडाखाली जायची. पालापाचोळा जाळून साफ केलेल्या जागेत, राखेवर, चार-दोन फुलं सापडायची. टोपलीचा तळसुद्धा झाकला जात नव्हता. नवरा लच्छू पौषातच मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. मुलगी करिश्मा भामरागडच्या आश्रमशाळेत. घरात सोमारी आणि तिची सासू नीलाबाई, दोघीच. तेंदूपत्त्याच्या तोडणीला अजून अवकाश होता. म्हणून मोजणीवाले नदीवर आले आणि माणसं पाहिजेत म्हणाले, तेव्हा पहिल्याच दिवशी सोमारी जाऊन उभी राहिली.

मोजणीवाल्यांचे साहेब दिनेश. नागभीडकडचे, तिशीतले, उन्हानं नाक सोललेलं. त्यांच्यासोबत रईस, मशीन सांभाळणारा. तो वडसाचा. त्याचा बाप तिथं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, त्यामुळे रईसला कुठलंही यंत्र मोटारीच्या भाषेतच समजावता यायचं.

"पंप पाह्यला न बाई?" पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं. "पंपात करंट घातला का चाक फिरते अन् पाणी वर चढते. इथी उलटं. पाणी वरून सोडायचं, चाक फिरते, करंट बाहेर येते. त्या दोन डोंगराच्या मधात भिंत बांधणार."

"अन् चाक?"

"चाक बाहेरदेशातून येते. तिकडं कारखाने आहेत मोठे."

"त्याईच्या नदीले नाई लागत का चाक?"

दिनेश साहेब दुर्बिणीतून डोळा न काढता हसले. "त्यांच्या सगळ्या नद्यांवर बसवून झाले. आता कारखाना चालू ठेवायचा तर नवीन नद्या पाहिजेत. पैसा तेच लावणार, चाकं तेच पाठवणार."

"म्हणजे चाक आधी अन् नदी मंग?"

"असंच समजा."

काम दगडांचं होतं. दगड म्हणजे सिमेंटचे ओतीव खांब, हातभर उंच, वर सपाट. एकेक दगड आठ वर्षांच्या लेकराएवढा जड. डोक्यावर चुंबळ ठेवून तो चढावर न्यायचा, सब्बलीनं खड्डा करायचा, दगड उभा करायचा, साहेब मशीनमधून बघून सांगतील तेवढा वर-खाली करायचा आणि मग भोवती माती घालून पायानं धुमसायची. शेवटी रईस लाल रंगानं नंबर टाकायचा. सगळ्या दगडांचे माथे एकाच पातळीत पाहिजेत, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. दगडांची ती ओळ डोंगराच्या अंगानं वळत, नाल्यात शिरत, पुन्हा बाहेर येत चालली होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सोमारी मान चोळत अंगणात बसली. नीलाबाई आंबील घेऊन आली.

"काय काम केलं व आज?"

"दगड उभे केले, आत्या."

"कोणाचे?"

सोमारीला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि तिचा हात मानेवरच राहिला.

"कोणाचे नाई. कंपनीचे."

"कंपनीत कोण मेलं?"

"कोणी नाई मेलं. पाण्याची हद्द हाये ते. पाणी तिथंवर येईन म्हणतेत."

त्यांच्या गावात दगड उभा करायचा तो मेलेल्या माणसासाठी. गावाबाहेर, वाटेच्या कडेला, तसे कितीतरी उभे होते. काही कमरेएवढे, काही माणसाहून उंच. दगड उभा करताना नाव घ्यायचं, म्हणजे त्या माणसाला जागा मिळते. बिननावाचा दगड तिथं आजवर कोणी उभा केला नव्हता.

"उभा केलेला दगड नाव मागते," नीलाबाई म्हणाली. "देलं नाई तं तो आपल्या मनानं घेते. आज किती उभे केले?"

"तीन."

"पह्यला लच्छूच्या बापाच्या नावाचा. दुसरा माह्या मोठ्या दिराचा. तिसरा..." तिनं डोळे मिटले. "तिसरा त्या देवरीच्या पोरीचा, बाळंतपणात गेली ते. उद्या गेली का पाय ठेवून नाव घेजो. मोठ्यानं नाई. तोंडातल्या तोंडात."

"त्याईचे दगड हायेत न आधीचे!"

"मंग दोन होतीन. मेलेल्याले दोन घरं असले तं काही बिघडत नाई. बिननावाचा नोको ठेवू."

तसं रोजचं झालं. संध्याकाळी नीलाबाई मेलेली माणसं काढून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी माती धुमसताना सोमारी एकेक नाव तोंडातल्या तोंडात म्हणायची. दिनेश साहेबांना वाटायचं, बाई काम करताना गाणं म्हणते. नागानं डसलेला म्हातारा, नदीत गेलेले दोघं भाऊ, नाव ठेवायच्या आतच गेलेलं नीलाबाईचं पहिलं लेकरू. पंचविसाव्या दगडापर्यंत घरची माणसं संपली, मग गावची निघाली.

"तो बांगड्यावाला कासार," एका संध्याकाळी नीलाबाई म्हणाली. "पुराच्या साली इथी अडकला अन् तापानं मेला."

"कासार चालते? तो आपला नव्हता."

"मेला न इथीच? चालते."

"अन् मावशीचा तो पांढरा बैल?"

"बैल नाई चालत," नीलाबाई गंभीरपणे म्हणाली, आणि मग दोघीही हसल्या. त्या चैत्रात त्या घरात झालेलं तेवढंच हसणं.

गावाजवळ ओळ आली तेव्हा बांबूचं रान इतकं दाट होतं की मशीनमधून पुढचं दिसेना. रईसनं मग पिशवीतून पारदर्शक नळी काढली, चांगली तीस मीटर लांब. तीत पाणी भरलं. एक टोक त्यानं छत्तीस नंबरच्या माथ्याला धरलं, दुसरं सोमारीच्या हातात दिलं आणि पुढं धाडलं. तिच्या टोकातलं पाणी वर चढलं, खाली गेलं, थरथरलं आणि थांबलं.

"जिथं थांबलं तिथं माथा," झाडांपलीकडून रईस ओरडला.

"पाण्याले कसं कळते?"

"पाण्याले काही कळत नाई बाई, म्हणून तं ते खोटं नाई बोलत."

दिनेश साहेबांनी दोनदा तिचं मोजमाप मशीन लावून तपासलं. दोन्ही वेळा बिनचूक निघालं. "बाईची नजर काट्यासारखी आहे," ते रईसला म्हणाले. "नळीचं टोक यांच्याकडेच देत जा."

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि अंगणातून सहज वर पाहिलं. बांबूत अडतीस नंबरचा लाल आकडा दिसत होता. तिथून तिची नजर सरळ, आडवी, हवेतून निघाली, आणि घरावरून, मोहाच्या शेंड्यावरून पलीकडच्या डोंगरावर बारा नंबरला जाऊन लागली. मधे काहीच नव्हतं. पण नळीतलं पाणी तिनं दिवसभर पाहिलं होतं. नदीचं पाणी अजून आलं नव्हतं, त्याची जागा मात्र ठरून गेली होती. कौलांच्या वर चार पुरुष उंचीचं पाणी. कौलावरून कोंबडी खाली झेपावली, तर सोमारीला ती पोहताना दिसली. ती पटकन घरात शिरली. आत आल्यावरही बराच वेळ तिला श्वास पुरेना.

एक्केचाळीस दगड झाले. त्या संध्याकाळी नीलाबाई खूप वेळ भिंतीला टेकून बसली. ओठ हलत होते, बोटं मिटत होती, पुन्हा उघडत होती.

"संपले," ती म्हणाली.

"आता एकच दगड राह्यला, आत्या. एकच नाव पाहिजे."

"कुठून आणू? गाव लहान हाये आपलं."

दुसऱ्या दिवशी सोमारी साहेबांपुढं उभी राहिली. "साहेब, बेचाळीस नंबर राहू द्या न."

"का हो?"

"माणूस नाई."

"मग आधी नाही का सांगायचं? दोन माणसं देतो की!" असं म्हणून त्यांनी दोन गड्यांना हाक मारली. गड्यांनी दगड नेला, खड्डा काढला, आणि सोमारीनं नळी धरली. पाणी थांबलं तिथं तिनं बोट ठेवलं. माती धुमसायला ती पुढं झाली नाही. ते गड्यांनीच केलं, विडी ओढत, हसत.

बेचाळीस नंबरचा दगड तसाच राहिला, बिननावाचा.

लच्छूचा फोन दर बुधवारी यायचा. गावात टॉवर लागत नाही. डोंगराच्या खडकावर चढून उभं राहिलं तर लागतो. लच्छू मजुरांच्या मुकडदमाच्या फोनवरून बोलायचा, कशी आहेस, जेवलीस का, एवढंच. त्यानंतरचे तीन बुधवार फोन आला नाही. सोमारीनं लावून पाहिला तर कोणी बाई तेलुगूत काहीतरी बोलायची. सोमारीला तेलुगू येत नव्हतं. तरी दर वेळी ती शेवटपर्यंत ऐकायची, न जाणो मधेच त्याचं नाव येईल म्हणून. खडकावरून उतरताना वाट बेचाळीस नंबरच्या जवळून होती. ती तिकडं बघायची नाही.

एका सोमवारी पाहुणे आले. तीन गाड्या नाल्यापर्यंत, पुढं पायी. बाहेरदेशाचे दोघं होते, एक उंच म्हातारा, लालबुंद झालेला, आणि एक त्याचे फोटो काढणारा. शाळेतल्या खुर्च्या आणून मोहाखाली मांडल्या. गाव जमिनीवर बसलं. म्हाताऱ्यानं खिशातून चाक काढलं. तळहातावर मावेल एवढं, चार पात्यांचं, आरशासारखं चकचकीत.

तो बोलायचा आणि दिनेश साहेब सांगायचे. "म्हणतात, तुमच्याकडे पाणी आहे, आमच्याकडे यंत्रं. अशी चाकं त्यांनी वीस देशांत बसवली आहेत. म्हणतात, तुमचा देश पुढं चालला, त्याला वीज पाहिजे. इथं जमलं तर पुढं दुसऱ्या नदीवर, मग तिसऱ्या."

म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं. साहेबांनी बोटं मोजत या जिल्ह्यातल्या नद्यांची नावं सांगितली. त्यानं सगळी लिहून घेतली.

"आमी कुठी जाऊ?" मागून कोणीतरी विचारलं. साहेबांनी ते बाहेरच्या भाषेत सांगितलं की नाही, कोणालाच कळलं नाही. म्हातारा सगळ्यांकडे बघून प्रेमानं हसला. मग टाळ्या वाजवायला सांगितलं, त्या वाजल्या.

चाक सगळ्यांच्या हातून फिरलं. सोमारीच्या हातात आलं तेव्हा तिनं त्यावर हळूच फुंकर घातली. ते फिरू लागलं. इतकं फिरलं की पाती दिसेनाशी झाली, आणि आवाज मुळीच नाही. पुढच्या बाईनं ते तिच्या हातून घेतलं तेव्हाही ते फिरतच होतं.

फोटोसाठी त्यांना काम करणारी बाई पाहिजे होती. सोमारीला घरी धाडून धुतलेलं लुगडं नेसायला लावलं. मग एक जादाचा दगड डोक्यावर देऊन तीच चढण तीनदा चढायला लावली, कारण पहिल्यांदा तोंडावर सावली आली आणि दुसऱ्यांदा ती हसली नाही. शेवटी फोटोवाल्यानं खुणेनं तिला जवळच्या दगडाशी उभं केलं. तिचा हात धरून दगडाच्या माथ्यावर ठेवला. हात ठेवल्यावर तिनं खाली पाहिलं. बेचाळीस.

दगड उन्हानं तापला असायला हवा होता. तो गार होता.

दिनेश साहेब खाली गाडीपाशी होते. म्हातारा वही घेऊन पुढं आला, पेनाचं टोक तिच्याकडे, तिच्या हाताकडे, दगडाकडे केलं आणि म्हणाला, "नेम?"

एवढा शब्द तिला शाळेतून येत होता. नाव. दगडाचं नाव विचारतो आहे. एवढ्या लांबून आलेल्या माणसालाही कळलं की दगडाला नाव पाहिजे. तीन बुधवार मनात दाबून ठेवलेलं होतं ते आपोआप तोंडातून बाहेर आलं.

"लच्छू."

"लाचू," म्हातारा म्हणाला. लिहिलं. पुन्हा म्हणाला, "लाचू, लाचू," आणि मान डोलावली.

तेव्हा कुठं तिला कळलं की तो तिचं स्वतःचं नाव विचारत होता.

तिनं कोणाला सांगितलं नाही. पाच दिवस ती जेवली, निजली, मोजणीवाल्यांचं सामान नाल्यापर्यंत पोचवून आली. नळी तेवढी रईस तिच्या घरी ठेवून गेला. "पुन्हा येणारच आहो बाई, कुठी वाहू!"

सहाव्या दिवशी, सूर्य डोंगराआड जाताना, नदीच्या बाजूनं लच्छू आला.

कुत्रा उठला, त्याच्याकडे पाहिलं, पण भुंकला नाही की परत बसलाही नाही. नुसता उभा राहिला. लच्छू वाळून काठी झाला होता. गाल आत गेलेले, बोटं मिरचीनं तांबूस. छातीपर्यंत ओला.

"फोन काऊन नाई केला?" सोमारीनं विचारलं.

"ताप आला. मुकडदम बाकीच्याईले घेऊन दुसऱ्या शेतात गेला. मी मिरचीच्या खळ्यात पडून होतो. किती दिवस, मालूम नाई." तो अंगणात बसला. "सोमवारी दुपारी तू मले हाक मारली न?"

"मी?"

"एकच डाव मारली. साफ आयकू आली. उठलो अन् निघालो."

"मी नाई मारली," सोमारी म्हणाली. मग त्याच्या ओल्या धोतराकडे पाहून म्हणाली, "कुठून आले?"

"नदीतून. पाणी छातीले लागलं."

ते दिवस ज्येष्ठाचे. सकाळीच ती नदीवर गेली होती. पाणी घोट्याच्या वर नव्हतं.

नीलाबाई दारात उभी राहून मुलाकडे पाहत होती. त्यानं दोन्ही हातांनी डोळे चोळले, मिरचीच्या त्या बोटांनी, चांगले जोरजोरात. डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही. नीलाबाईनं पानावर भात वाढला, त्याच्यापुढं ठेवला आणि पाठ फिरवून बसली, तो उठेपर्यंत. दगडापुढं पान ठेवल्यावर तसं बसतात, म्हणजे मेलेला माणूस संकोच न करता जेवतो. सोमारीनं ते पाहिलं. लच्छूनंही पाहिलं असेल.

पावसाळ्यात नेहमीसारखी वाट बंद झाली. गाव आणि नदी एवढंच जग उरलं. लच्छू कामाला कमी नव्हता. नांगर धरला, बांध घातले, भाताच्या रोवण्यात सगळ्यांसोबत चिखलात उतरला. रोवणं झालं की बाया बांधावर बसून पायाच्या जळवा काढायच्या. लच्छूच्या पायाला एकही नसायची.

"मिरचीचं रगत झालं माह्यं," तो म्हणायचा. "जळूले तिखट लागते."

बाया हसायच्या. सोमारीही हसायची. तो पूर्वीपेक्षा मवाळ झाला होता, पाण्याची घागर तिच्या डोक्यावरून उतरवून घ्यायचा, पुढं दिवाळीच्या सुट्टीत करिश्मा आली तेव्हा तिचे केस विंचरून दिले. आणि रोज दोन्ही वेळा नीलाबाई त्याला वाढून पाठ फिरवून बसायची.

धान घरात आलं, थंडी पडली, आणि रईस आला. एकटाच. वडसाला नाटकांचा हंगाम जोरात होता, तो सोडून यावं लागलं म्हणून कुरकुरत.

"चाक ओतून झालं बाई, तिकडच्या कारखान्यात," अंगणात बसता बसता तो म्हणाला. "बोटीवर चढायचं बाकी आहे. दगड जागेवर आहेत का ते तपासून कागद धाडला का चढते. मशीन बिघडलं, म्हणून नळीनंच पाह्यतो. तुमी असल्या तं फिकर नाई."

"अन् एखादा दगड चुकला असन तं?"

"एक जरी चुकला तं सगळी ओळ खोटी. पुन्हा मोजणी, पुन्हा कागद. साल तं गेलंच. तेवढ्यात तो कारखानेवाला दुसऱ्या देशात दुसरी नदी पाह्यते. त्याले काय, चाक कुठीबी बसते." त्यानं पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तक काढलं. "हे पाहा, तुमचा फोटो! त्याईनं छापलं."

पानभर सोमारी होती. धुतलेलं लुगडं, हात दगडावर. रईस खालच्या ओळीवरून बोट फिरवत वाचू लागला आणि मोठ्यानं हसला. "घ्या! नावच बदललं तुमचं. लिव्हलं आहे, लच्छू, स्थानिक मजूर."

लच्छू पलीकडे बांबू फाडत बसला होता. विळा थांबला.

"दाखव," तो म्हणाला. चित्राकडे तो खूप वेळ बघत राहिला. "माह्यं नाव काऊन सांगतलं?"

"त्यानं नाव इचारलं. मले वाटलं दगडाचं इचारते."

"कोणता वार होता?"

सोमारीनं त्याच्या हातून पुस्तक घेतलं.

"सोमवार होता," रईस म्हणाला. तो अजून हसतच होता. मग त्यानं तिघांची तोंडं पाहिली आणि थांबला.

नीलाबाई दारातून बाहेर आली. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिनं मुलाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"दगड पाहून या," ती म्हणाली. "माणूस दगडात गेला असन तं दगड वाढते. नसन गेला तं जिथल्या तिथी राह्यते."

"आजी, सिमेंट वाढत नाई," रईस म्हणाला.

"मंग भेव कायचं? पाह्य." ती लच्छूकडे वळली. "वाढला असन तं तुले घरात ठेवता येत नाई रे बावा. माह्या पोटचा असला तरी. इथी तुह्या बायकोले पोर हाये."

लच्छूनं विळा खाली ठेवला. "चाला," तो म्हणाला. "मलेबी पाह्यचं हाये."

दोन दिवस ते पहिल्या दगडापासून तपासत आले. सगळे बरोबर. तिसऱ्या दिवशी दुपारी रईसनं नळीचं टोक एक्केचाळीस नंबरच्या माथ्याला लावलं. मधे बांबूचं बेट. नळीला मोड पडू नये म्हणून लच्छू मधे उभा राहिला, ती खांद्यावर तोलून. सोमारी दुसरं टोक घेऊन बेचाळीसपाशी पोचली.

पाणी वर चढलं, खाली गेलं, थरथरलं. थांबलं.

दगडाचा माथा पाण्याच्या वर होता.

तिनं नळीवर टिचकी मारली. बुडबुडा असला तर पाणी चुकतं, रईसनंच शिकवलं होतं. बुडबुडा नव्हता. तिनं वाकून मुळाशी पाहिलं. गवत दगडाला चिकटून वाढलं होतं, माती घट्ट, भेग नाही, उंदराचं बीळ नाही. वैशाखात पाणी थांबलं तिथं तिनं स्वतः बोट ठेवलं होतं, आणि ते बोट चुकत नाही हे साहेबांनी दोनदा पाहिलं होतं. तिनं पाण्याच्या आणि माथ्याच्या मधे हात धरला. चार बोटं. बरोबर चार.

"बाई, पाणी कुठी आहे?" रईसचा आवाज आला. तो दिसत नव्हता.

लच्छू दिसत होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. खांद्यावरच्या नळीतल्या पाण्याकडे पाहत होता, जसं काही ते त्याच्यातूनच वाहत होतं. थंडीचं ऊन त्याच्या एका गालावर होतं. खाली घराची कौलं, अंगणात वाळत घातलेलं धान, मोहाचं झाड. यंदा मोहाला कळ्या चांगल्या धरतील असं सगळे म्हणत होते. चार बोटं, असं तिनं नुसतं ओरडायचं होतं. ओळ खोटी पडली असती. चाक बोटीवर चढलं नसतं. कौलं राहिली असती, झाड राहिलं असतं.

"बाई?"

"सारखं हाये," सोमारी म्हणाली.

"नीट पाहा! बुडबुडा तं नाई?"

"नाई. माथ्याले लागून हाये पाणी. सारखं."

बांबूपलीकडे वहीचं पान उलटलं. लच्छूनं तोंड वर केलं. इतके महिने कोंडलेला श्वास त्यानं सोडला, तो तिला तिथपर्यंत ऐकू आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं नळी उपडी केली आणि आतलं पाणी दगडाच्या मुळाशी जिरलं.

रईस उतरून नाल्याकडे गेला. दोघं घरी आली. नीलाबाई उंबऱ्यावरच बसलेली होती.

"किती?"

"जिथल्या तिथी हाये, आत्या."

नीलाबाईनं सुनेकडे पाहिलं. थोडा जास्तच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, चूल पेटवली, भात केला आणि लच्छूसमोर पान मांडून, त्याच्याकडे तोंड करून बसली. "जेव," ती म्हणाली. "आणखीन घे. कसा वाळला." तो मान खाली घालून जेवत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

सोमारी अंगणात आली. दिवस मावळत होता, वारा पडला होता. कौलांतून चुलीचा धूर निघाला, सरळ वर चढत गेला आणि दगडांच्या ओळीशी पोचल्यावर थांबला. थंडीत धूर तसा थांबतो. तिथं तो आडवा झाला आणि एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत पसरला, सपाट, निळसर, तळातून वर पाहिलेल्या पाण्यासारखा. एकेक लाल आकडा त्याच्यात बुडत गेला. अडतीस. चाळीस. एक्केचाळीस.

बेचाळीसचा माथा इथून दिसत नव्हता. पण तो किती वर राहील ते तिला माहीत होतं. तिनं हात उचलला, चार बोटं जुळवून डोळ्यांसमोर धरली आणि आतून लच्छूनं पाणी मागितलं तेव्हा ती पटकन लुगड्यात झाकली.